काळ्या वाटणाची बरणी आणि आमचं रात्रीचं जेवण

पत्नीची बदली नाशिकला झाली आणि भुसावळच्या घरात आठवीतली लेक आणि मी, असे दोघंच राहिलो. मी जळगावला अप-डाऊन करतो. गाडी वेळेवर असली तरी घरी पोचायला साडेसात वाजतात. त्यानंतर कांदा-खोबरं भाजायला बसलो तर जेवायला दहा वाजणार. डबा लावायचा नव्हता, कारण लेकीला घरच्या रश्शाची चव कळायला हवी असं मला मनापासून वाटतं. यावलला आईला फोन केला. ती म्हणाली, "रोज कशाला भाजतोस? रविवारी एकदाच वाटण कर आणि तेलात चांगलं परतून ठेव."

तेव्हापासून आमच्याकडे हे रविवारचं काम झालं. एक किलो कांदे सालीसकट गॅसच्या जाळीवर, बाहेरून काळे आणि आतून मऊ होईपर्यंत भाजायचे. पाव किलो सुक्या खोबऱ्याच्या वाट्या थेट आचेवर धरायच्या. कडा पेटल्या की फुंकर मारून विझवायच्या. खानदेशी रश्शाचा रंग आणि धुरकट वास इथूनच येतो, म्हणून यात काटकसर नको. मग शंभर ग्रॅम लसूण, आल्याचा मोठा तुकडा आणि कोथिंबिरीची जुडी घालून शक्य तितक्या कमी पाण्यात बारीक वाटायचं.

खरी परीक्षा परतताना. जाड बुडाच्या कढईत शेंगदाणा तेल सढळ हाताने घ्यायचं आणि वाटण मंद आचेवर परतायचं. आधी ते फसफसतं, नंतर गोळा होतं, शेवटी कडेने तेल सुटतं. आई फोनवर सारखी विचारायची, "तेल सुटलं का?" सुटल्याशिवाय ती पुढचं सांगायचीच नाही. तेल सुटलं की घरचा काळा मसाला घालून मिनिटभर हलवायचं. मसाला आधी घातला तर करपतो.

आता साठवणीचं. तेलाचा थर दिला की वाटण ओट्यावरही टिकतं, असं बरेच जण मानतात. ते धोक्याचं आहे. बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू मातीतून लसूण-आल्यासोबत येतात, साध्या उकळण्याने मरत नाहीत आणि तेलाखाली, हवा नसलेल्या जागी त्यांना वाढायला वाव मिळतो. वास किंवा रंग बदलेलच असं नाही. कोरडा मसाला वर्षभर बरणीत राहतो, पण ओलं वाटण नाही. मी तीन-चार दिवसांपुरतं फ्रीजमध्ये ठेवतो आणि बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरतो. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात वीजही जाते. तेव्हा कमीच करतो.

एवढी तयारी असली की शेवभाजी वीस मिनिटांत होते. चार वड्या तेलात परतायच्या, तिखट-हळद, मग उकळतं पाणी. गार पाणी घातलं तर तर्री वर येत नाही. भाजीची जाड शेव ताटात वाढताना घालायची, नाहीतर लगदा होतो. याच रश्शात उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी, पातोड्या, काहीही चालतं. वरण कुकरला लावून त्यात एक वडी परतून घातली तरी भाकरीशी पोटभर जेवण होतं.

लेकीला पास्ता आवडतो, म्हणून पास्ता सॉसची बाटलीही घरात असते. विकत घेताना मी मागची यादी वाचतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे टोमॅटोच्या आधी पाणी किंवा साखर आली तर बाटली परत ठेवतो. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ कळतं. १०० ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. त्यामुळे वरून मीठ घालायचं नाही. आधी कांदा-लसूण परतायचा, मग सॉस, मग पास्ता उकडलेलं थोडं पाणी. त्यातल्या पिठूळपणाने सॉस नीट चिकटतो. उरलेल्या सॉसमध्ये थोडं तिखट घालून अंडी फोडायची आणि झाकण ठेवायचं. पोळीबरोबर हे मला पास्त्याहून आवडतं. उघडलेली बाटली मात्र फ्रीजमध्येच.

थंडीत टोमॅटो स्वस्त झाले की आमचा स्वतःचा सॉस होतो. टोमॅटो उकडून, गाळून, निम्मा होईपर्यंत आटवायचा आणि डब्यांत गोठवायचा.

भरिताला मात्र मी यातलं काहीच लावत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या त्या वांग्याला हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेल एवढंच हवं. ते आम्ही रविवारी, आई आली की ताजंच करतो.