अमेरिकेतल्या हायस्कूलमधली माणसं ओळखताना: माझा अनुभव

पुण्यातल्या शाळेत मुलीबद्दल काही विचारायचं असलं की मी थेट वर्गशिक्षिकांना गाठायचे. कुठल्या विषयात लक्ष नाही, कोणाशी अबोला आहे, डबा रोज अर्धा परत का येतो, सगळं त्यांना ठाऊक असायचं. नववीचा निकाल घेऊन आम्ही न्यू जर्सीला आलो आणि मिडलसेक्स काउंटीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये तिला दहावीत घातलं. इथे हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं आणि त्यात आपल्यासारख्या वर्गशिक्षिका नसतात. घंटा झाली की शिक्षक आपल्या खोलीतच थांबतात, मुलं वर्ग बदलतात. गणिताला शेजारी बसलेली मुलगी इतिहासाच्या तासाला नसते. आपल्या लेकीला सकाळपासून दुपारपर्यंत पाहणारं एकही मोठं माणूस त्या इमारतीत नाही, हे लक्षात आलं तेव्हा मला खरोखर धास्ती वाटली. तेव्हाच ठरवलं, की या शाळेत कोण काय बघतं ते शोधायचं आणि अडचण येण्याआधीच त्या माणसांशी बोलून ठेवायचं.

ओळखीची सुरुवात झाली रजिस्ट्रारबाईंपासून. त्या शाळेत नाही, डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, ऑफिसात बसतात. घराचा भाडेकरार, विजेचं बिल, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि नववीचं प्रगतिपुस्तक एवढं त्यांनी मागितलं. त्यानंतर शाळेच्या नर्स. त्यांनी टीबीची चाचणी करून आणायला सांगितलं. इथे एक गोष्ट भारतातून येणाऱ्या प्रत्येक आईला सांगावीशी वाटते. आपल्या मुलांना बाळपणी बीसीजीची, म्हणजे टीबीविरुद्धची, लस दिलेली असते, त्यामुळे हातावर टोचून करायची चाचणी काही वेळा उगाचच पॉझिटिव्ह येते आणि मग एक्स-रे, डॉक्टर, धावपळ. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. नर्सबाईंनीच हे सांगितलं आणि रक्ताच्या चाचणीचा अहवाल चालेल म्हणाल्या. शाळेतली नर्स म्हणजे खरचटलं तर मलम लावणारी, एवढीच माझी समजूत होती. पुढे मुलीचा इनहेलर स्वतःजवळ ठेवायची परवानगी, त्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म, हेही त्यांनीच मार्गी लावलं.

प्रवेशाच्या कागदांत घरी कोणती भाषा बोलता, असा एक प्रश्न असतो. ओळखीच्या काहींनी सल्ला दिला, ‘इंग्लिश लिहून टाक, नाहीतर मुलीची परीक्षा घेतील आणि ईएसएलच्या (इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्या) वर्गात बसवतील.’ मी मराठी लिहिलं. आमच्या घरात मराठीच बोलतात, मग दुसरं काय लिहायचं? ईएसएलच्या शिक्षिकांनी तिची छोटी चाचणी घेतली, तिला त्या वर्गाची गरज नाही असं कळवलं आणि तिथेच विषय संपला. पण त्या बाई पहिले काही महिने तिला कॉरिडॉरमध्ये दिसल्या की थांबवून विचारायच्या, जेवायला कोणाबरोबर बसतेस? नव्या मुलांकडे मायेने पाहणारं शाळेतलं पहिलं माणूस त्या निघाल्या.

आता काउन्सेलर. भारतात काउन्सेलर म्हटलं की मुलाचं काहीतरी बिनसलंय असंच लोकांना वाटतं. इथे प्रत्येक मुलाला काउन्सेलर असतोच. आमच्या शाळेत आडनावाच्या अक्षरावरून वाटणी होते आणि सहसा चारही वर्षं तीच व्यक्ती राहते. कोणते विषय घ्यायचे, पदवीसाठी (इथे हायस्कूल पुरं झाल्यावरही पदवीच म्हणतात) किती क्रेडिट, म्हणजे विषय पुरा केल्यावर मिळणारे गुणांक, झाले, कॉलेजला कागद कधी पाठवायचे, सगळं तिच्या हातून जातं. अमेरिकेतल्या शालेय काउन्सेलरांची राष्ट्रीय संघटना एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत असं म्हणते. आमच्या बाईंकडे त्याहून बरीच जास्त मुलं होती. एवढ्यांत आपल्या मुलीचा चेहरा त्यांच्या लक्षात राहायचा तर आपणच समोर जायला हवं. भेट मिळवून देतात त्या काउन्सेलिंग ऑफिसच्या सेक्रेटरी. त्यांचं नाव मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं आणि प्रत्येक फोनला नावाने नमस्कार केला. कोण कधी मोकळं असतं, कोणता फॉर्म कोणाकडे अडकलाय, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

पहिल्याच भेटीत गणिताचा प्रश्न आला आणि तो मी तपशीलवार सांगणार आहे, कारण त्यात पुढची तीन वर्षं अडकलेली होती. न्यू जर्सीत पदवीसाठी किमान १२० क्रेडिट लागतात, त्यांतले १५ गणिताचे आणि त्यांत बीजगणित-१ आणि भूमिती यायलाच हवी. इथे वर्षाला एकच शाखा शिकवतात: एक वर्ष बीजगणित-१, मग भूमिती, मग बीजगणित-२. आपल्याकडे एसएससीला गणित भाग १ आणि भाग २ एकाच वर्षी चालतात. प्रगतिपुस्तकावर नुसतं ‘गणित’ लिहिलेलं. काउन्सेलरबाईंनी त्याला एका वर्षाचं बीजगणित धरलं आणि तिला भूमितीत टाकलं. तसं राहिलं असतं तर अकरावीला बीजगणित-२, बारावीला प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसची पूर्वतयारी), आणि कॅल्क्युलस (कलन) शाळेत मिळालंच नसतं. मुलीला इंजिनिअरिंगला जायचं होतं.

बाईंनी हात वर केले नाहीत. त्या म्हणाल्या, हे मी ठरवू शकत नाही, गणिताचे सुपरवायझर ठरवतात. इथे प्रत्येक विषयाचा सुपरवायझर असतो, म्हणजे शिक्षक आणि प्रिन्सिपल यांच्या मधली पायरी, हे मला तेव्हा कळलं. विषयाची पातळी, पुस्तक, शिकवण्याबद्दलची शंका, हे सगळं आधी शिक्षकांकडे आणि मग सुपरवायझरकडे न्यायचं असतं. थेट प्रिन्सिपलकडे गेलात तर ते पुन्हा तिथेच पाठवतात.

बालभारतीची पुस्तकं इंग्रजी माध्यमातही संकेतस्थळावर मोफत मिळतात. मी नववीचे दोन्ही भाग छापून नेले. सुपरवायझर पान न् पान चाळत बसले: समांतर रेषा, त्रिकोण, चौकोन, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती. भूमितीचा मोठा भाग झालेला होता. उलट बीजगणितात वर्गसमीकरणं नव्हती, कारण ती आपल्याकडे दहावीला येतात आणि इथे बीजगणित-१ मध्येच होतात. त्यांनी सांगितलं, आमच्या भूमितीची वार्षिक परीक्षा दे. पास झालीस तर क्रेडिट देतो आणि बीजगणित-२ मध्ये बसवतो, पण वर्गसमीकरणं तुझी तू भरून काढायची. तिने परीक्षा दिली, पास झाली. बीजगणित-२ च्या शिक्षिका आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर थांबायच्या, त्यांच्याकडे बसून तिने वर्गसमीकरणं पुरी केली. त्यासाठी त्या पैसे घेत नाहीत. शाळेनंतरची ही जादा मदत सगळ्यांसाठी असते, तरी आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत आणि आईबाप शनिवारी खासगी क्लासला गाडी काढतात.

शिक्षकांची तोंडओळख सप्टेंबरातल्या ‘बॅक टू स्कूल नाइट’ला होते. पालकांनी मुलांचं वेळापत्रक हातात घेऊन त्याच क्रमाने वर्गावर्गांत फिरायचं, प्रत्येक तास दहाएक मिनिटांचा. सगळे पालक जिने चढून धापा टाकत मुलांच्या बाकांवर बसलेले असतात. स्वतःच्या मुलाबद्दल तिथे बोलायचं नसतं. शिक्षक अभ्यासक्रम सांगतात आणि गुण कसे देतात ते सांगतात. ते दुसरं नीट लिहून घ्यावं. एका विषयात चाचण्यांना मोठा वाटा, दुसऱ्यात प्रकल्पाला, तिसऱ्यात गृहपाठालाही. आपल्यासारखी सगळी भिस्त वार्षिक परीक्षेवर नसते, रोजचं काम मोजलं जातं. मी घरी येऊन प्रत्येक शिक्षकाला दोन ओळींचा मेल केला: मी अमुकची आई, ती यंदाच भारतातून आली आहे, वर्गात हात वर करायला तिला वेळ लागेल, पण विचारलंत तर ती उत्तर देईल. इतिहासाच्या सरांचं त्याच रात्री उत्तर आलं. ते म्हणाले, मी वर्गात शिरलो की ती उभी राहते, मला ते फार आवडतं, पण बाकीची मुलं बघत राहतात म्हणून ती अवघडते. मी तिला एकटीला सांगू का? किती हळुवारपणे विचारलं होतं! त्या मेलनंतर त्या शाळेबद्दलची माझी अर्धी भीती गेली.

व्हाइस प्रिन्सिपलकडे शिस्त आणि हजेरी असते. दिवाळीला मुलीला घरी ठेवायचं होतं तेव्हा कळलं, की राज्याच्या धार्मिक सणांच्या यादीत दिवाळी आहे. पालकांची चिठ्ठी दिली की ती गैरहजेरी मुलाच्या विरोधात धरता येत नाही. हजेरीच्या ऑफिसात चिठ्ठी दिली, काम झालं. सुपरिंटेंडेंट अख्ख्या डिस्ट्रिक्टचे प्रमुख असतात. डिस्ट्रिक्टच्या शिक्षण मंडळाच्या सभा जाहीर असतात, तिथे कोणीही रहिवासी उठून बोलू शकतो. मी दोनदाच गेले, पण बजेट वाचताना काउन्सेलरांची संख्या कुठे ठरते ते तिथे दिसलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत काही मुलं तिच्या उच्चारांची नक्कल करू लागली. ती घरी सांगत नव्हती, फक्त डबा नको म्हणू लागली. शेवटी बोलली तेव्हा मी काउन्सेलरबाईंना फोन केला. न्यू जर्सीत २०११ पासून छळवणुकीविरोधातला कडक कायदा आहे: प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेली व्यक्ती असते, तक्रार आल्यावर शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू व्हावी लागते आणि शाळेच्या दहा दिवसांत पुरी करावी लागते. आमच्या शाळेत ती नेमलेली व्यक्ती म्हणजे शेजारच्याच खोलीतले काउन्सेलर होते. मुलगी घाबरली होती, की माझं नाव होईल. त्यांनी तिला आधी पूर्ण प्रक्रिया समजावली, मगच लिहून घेतलं. नक्कल थांबली. काही आठवडे ती काउन्सेलरबाईंच्या खोलीत जेवली, नंतर ऑर्केस्ट्रातल्या मुलींबरोबर बसू लागली. आदल्या सप्टेंबरात त्या बाईंना भेटले नसते, तर मी तो फोन करायला किती दिवस घेतले असते कोण जाणे.

अकरावीच्या वसंतात शिफारसपत्रांची वेळ येते. कॉलेजच्या अर्जासाठी साधारणपणे अकरावीला शिकवलेल्या दोन शिक्षकांची पत्रं आणि काउन्सेलरचं एक पत्र लागतं. कॉमन अ‍ॅपचा (अनेक कॉलेजांसाठी एकच ऑनलाइन अर्ज) नवा अर्ज १ ऑगस्टला उघडतो, म्हणून शिक्षकांना सुट्टी लागण्याआधीच विचारायचं आणि ते मुलीनेच विचारायचं, आईने नाही. तिने इतिहासाच्या त्याच सरांना विचारलं, अकरावीलाही तेच होते. काउन्सेलरबाईंनी पालकांसाठीही एक प्रश्नावली दिली: तुमच्या मुलीचे गुण सांगा, तिने कशावर मात केली ते सांगा. आपल्याला पोरांचं कौतुक चारचौघांत करायची सवय नसते, दृष्ट लागेल म्हणतो. दोन संध्याकाळी मी कागद समोर घेऊन बसले. मग ‘हुशार’ आणि ‘कष्टाळू’ हे शब्द बाजूला ठेवले आणि घडलं ते लिहिलं: वर्गसमीकरणं, ऑर्केस्ट्रा, रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना बाराखडी शिकवणं. बाईंनी नंतर सांगितलं, की बाराखडीचा प्रसंग त्यांनी पत्रात वापरला.

त्याच भेटीत त्यांनी सांगितलं, की दोन भाषा येणाऱ्या मुलांना राज्य पदवीबरोबर द्विभाषिकतेचा शिक्का देतं आणि त्यासाठी मान्य चाचण्यांमध्ये मराठीचीही आहे. परकीय भाषांच्या सुपरवायझरना लिहिलं, त्यांनी तारीख दिली, मुलीने चाचणी दिली. शाळेच्या यादीत स्पॅनिश आणि मँडरिनच्या शेजारी मराठी छापलेली पाहताना मला फार भरून आलं.

मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि शाळेच्या नोंदी पाहण्याचा कायदेशीर हक्क माझ्याकडून तिच्याकडे गेला. केंद्राचा १९७४ चा कायदा तसा आहे. बारावीचे शेवटचे महिने मेल तीच लिहायची, मला फक्त त्याची प्रत यायची.

यंदा आमच्या बिल्डिंगमध्ये सांगली जिल्ह्यातल्या ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) एक ताई आल्या आहेत, त्यांचा मुलगा त्याच शाळेत नववीत जातोय. ताईंना इंग्रजी बोलायचं दडपण येतं, म्हणून त्या मुलालाच भेटीला पुढे करणार होत्या. मी त्यांना म्हटलं, ‘ताई, दुभाषा देणं ही शाळेची जबाबदारी आहे, त्याचे पैसे पडत नाहीत आणि मुलाला मध्ये घालायचं नाही.’ आम्ही दोघींनी बसून काउन्सेलरना मेल लिहिला: मुलाचं नाव, तो सांगलीकडच्या कोणत्या शाळेतून आला, गणिताचे दोन्ही भाग झाले आहेत, पुस्तकं सोबत आणतो, मराठी दुभाषा हवा, आणि सेक्रेटरीबाईंना नावाने नमस्कार. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बुधवारी सकाळी दहाची वेळ दिली आहे, दुभाषा फोनवर असेल, आणि गणिताचे सुपरवायझरही पंधरा मिनिटं येणार आहेत.