ब्राइस यंग, २०२३ : ६२ सॅकची वही तिसऱ्यांदा कोरी

मागच्या नोंदीत मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते की, अमेरिकन फुटबॉलमधल्या कॅरोलायना पँथर्सचा क्वार्टरबॅक (खेळी सुरू होताच चेंडू हाती घेऊन पास देणारा) ब्राइस यंग याच्या २०२३ च्या हंगामातील ६२ सॅकची (पास सुटण्याआधीच त्याला पाडले गेल्याची) वर्गवारी पूर्ण झाली असून आता फक्त बेरजा करायच्या उरल्या आहेत. ते विधान मी मागे घेतो. नाशिकच्या ज्या सहकाऱ्यांशी मी हे काम वाटून घेतले आहे, त्यांनी माझे रकाने न पाहता वीस सॅक स्वतंत्रपणे तपासले आणि ‘दोष कोणाचा’ या रकान्यात आमची उत्तरे वीसपैकी अकरा ठिकाणी जुळली नाहीत. चिठ्ठ्या टाकून दोष वाटला असता तरी निकाल याहून फारसा वाईट लागला नसता. म्हणून वही पुन्हा कोरी केली आहे. तरीही हे रडगाणे नाही, कारण त्या अकरा सॅकवर फोनवरून वाद घालता घालताच या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी गोष्ट हाती लागली.

मूळ अडचण जुन्या वाचकांना ठाऊक आहे. सॅकची नोंद क्वार्टरबॅकच्या नावावर होते, पण तो नेहमी त्याचाच अपराध असतो असे नाही. क्रिकेटमधल्या रनआउटसारखाच हा प्रकार आहे : धावफलकावर बाद झालेल्याचे नाव लागते, हाक कोणी दिली आणि मागे कोण फिरले हे मात्र तिथे कुठेच लिहिलेले नसते. यंगच्या बाबतीत हा हिशेब विशेष गुंतागुंतीचा आहे. त्याच्यापुढे अडवणाऱ्या पाच जणांची लाइन असते : मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. पहिल्याच सामन्यात डावा गार्ड ब्रेडी क्रिस्टेन्सन जायबंदी होऊन हंगामाला मुकला, उजवा गार्ड ऑस्टिन कॉर्बेट आधीच्या दुखापतीमुळे उशिरा परतला, आणि पुढे गार्डच्या दोन्ही जागांवर माणसे इतकी बदलत राहिली की प्रत्येक सामन्याआधी मला रकान्याच्या डोक्यावर नवी नावे लिहावी लागली. त्यात यंगची उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे गार्ड मागे ढकलला गेला की त्याच्यासमोरची खिडकीच बंद. अशा वेळी मार कोणामुळे बसला हे एका अक्षरात लिहायचे म्हणजे हात थबकतो.

आतापर्यंत मी हा तिढा घड्याळाने सोडवत होतो. स्नॅपपासून (सेंटरने चेंडू मागे दिल्यापासून) अडीच सेकंदांच्या आत सॅक झाला तर लाइनचा दोष, त्यानंतर झाला तर क्वार्टरबॅकचा. नियम सुटसुटीत होता, आणि तिथेच घात झाला. सर्व बावीस खेळाडू दिसणाऱ्या ऑल-२२ चित्रणात एकेक चौकट पुढे सरकवत मी स्नॅपची चौकट ठरवत असे. सेंटरच्या हातून चेंडू सुटतो ती चौकट धरायची की यंगच्या हातात पोचतो ती, याबाबत माझे स्वतःचेच दोन आठवड्यांत दोन नियम झाल्याचे मला फार उशिरा कळले. शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक सेंटरच्या पाच यार्ड मागे उभा असतो, त्यामुळे या फरकात अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा काळ सहज निघून जातो. अडीचच्या रेषेजवळचे सॅक या एका चुकीपायी अलीकडचे पलीकडे गेले.

पण खरी चूक चौकटीची नव्हती. अडीच सेकंद ही सर्व खेळींना एकच फूटपट्टी लावणेच चूक होते. झटपट स्लँटच्या (आखूड तिरक्या पासच्या) खेळीत अडीच सेकंद चेंडू हातात असेल तर काहीतरी बिनसलेले असते, आणि वीस यार्डांवर वळणाऱ्या रूटच्या (धावण्याच्या ठरलेल्या वाटेच्या) खेळीत त्याच वेळी रिसीव्हर (पास झेलणारा) अजून धावतच असतो. नाशिककर फोनवर वैतागून म्हणाले, “अहो, तुम्ही त्याच्या मनगटावरचं घड्याळ बघताय, पाय बघा की!” मी जरा रागानेच तीच खेळी एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या) कॅमेऱ्यातून पुन्हा लावली आणि चेंडूकडे न पाहता फक्त यंगचे बूट पाहिले.

पाय खरोखरच सगळे सांगतात. शॉटगनमधून तीन पावले मागे जाऊन उजवा पाय जमिनीत रोवला जातो. तो क्षण पहिल्या रिसीव्हरचा. चेंडू तेव्हा सुटला नाही तर पुढे एक छोटी उडी, म्हणजे पहिली हिच. तो क्षण दुसऱ्या रिसीव्हरचा. दुसरी हिच तिसऱ्याची, किंवा बाजूला थांबलेल्या रनिंग बॅककडे चेकडाउन, म्हणजे जवळचा सुरक्षित पास, देण्याची. त्यानंतर पाय जे काही करतात ते आराखड्याबाहेरचे. रूट मुळात या पावलांवरच बेतलेले असतात, त्यामुळे लांबच्या खेळीत आणि आखूड खेळीत सेकंद वेगळे असले तरी पावलांचे प्रश्न तेच राहतात : पाय रोवला तेव्हा पहिला रिसीव्हर मोकळा होता का, आणि होता तर चेंडू का सुटला नाही?

आता नवा रकाना असा आहे. पाय रोवण्याआधीच कोणी अंगावर आले तर दोष लाइनचा किंवा संरक्षणाच्या आखणीचा. मात्र क्वार्टरबॅकवर धावून येणारे आक्रमक सहा आणि अडवणारे पाच असतील, तर सुटलेला सहावा माणूस क्वार्टरबॅकचाच, कारण त्या वेळी चेंडू हॉट रूटवर (अशा वेळच्या झटपट पाससाठी राखलेल्या वाटेवर) लगेच सोडणे हे त्याचे काम असते. पाय रोवला, रिसीव्हर मोकळा होता आणि चेंडू हातातच राहिला, तर दोष निःसंशय यंगचा. पाय रोवला पण कोणीच मोकळे नव्हते, तर नोंद रिसीव्हरांच्या आणि प्ले कॉलरच्या (खेळी सांगणाऱ्या प्रशिक्षकाच्या) खात्यावर. दुसऱ्या हिचनंतर झालेला सॅक, फार थोडे अपवाद सोडले तर, क्वार्टरबॅकचा.

या पद्धतीने आम्ही तेच वीस सॅक पुन्हा तपासले आणि या वेळी चारच ठिकाणी मतभेद उरले. त्या रात्री मी बायकोला मुद्दाम उठवून ही बातमी सांगितली; तिने “चेंडू सुटला का?” एवढेच विचारून कूस बदलली. माझ्या मते प्रश्न अगदी मुद्द्याचा होता.

उरलेल्या चारांपैकी तीन ठिकाणी भांडण एकाच गोष्टीवरून होते आणि त्यासाठी आणखी एक रकाना वाढवावा लागला : खोली. टॅकल आपल्या अंगावरच्या आक्रमकाला बाहेरच्या बाजूने वळसा घालायला लावतो तेव्हा त्याने गृहीत धरलेले असते की क्वार्टरबॅक स्नॅपच्या जागेपासून सात-आठ यार्ड मागे असेल. यंग मधून दिसावे म्हणून दहाव्या यार्डापर्यंत मागे सरकला, तर तोच वळसा सरळ रस्ता होतो. टीव्हीवर हे पाहणारा डावा टॅकल इकेम एक्वोनूला नावे ठेवतो, आणि त्याने स्वतःही त्या हंगामात खूप चुका केल्या, पण अशा वेळी त्याने आपले काम चोख बजावलेले असते आणि तरीही सॅक होतो. साइडलाइनच्या कॅमेऱ्यात हॅशच्या खुणा एकेका यार्डावर असल्याने ही खोली मोजायला कुठलेही सॉफ्टवेअर लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी मोजता येते.

सॉफ्टवेअरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. चौकटी पुढेमागे करण्यासाठी मी फिरत्या चकतीचा एक नियंत्रक ऑनलाइन मागवला होता. तो तिसऱ्या आठवड्यात उलटा फिरू लागला, आणि विक्रेत्याने तक्रारीला उत्तर म्हणून मला नव्या खरेदीवर सवलतीचे कूपन पाठवले. त्यापेक्षा कीबोर्डवरची एक कळ आणि शेजारी चौकटीची वही हे साधन जास्त भरवशाचे. स्प्रेडशीटमध्ये थेट नोंदी करू नका, असा माझा आग्रह आहे. रकाना भरायची घाई होते आणि डोळे पडद्यावरून हटतात. आधी पेन्सिल, मग टंकलेखन. घड्याळाच्या दिवसांतली स्टॉपवॉचची ॲप मी काढून टाकली आहेत.

पावलांच्या हिशेबाने एक गोष्ट मात्र अस्वस्थ करणारी पुढे आली. पावले शिकवणारा माणूसच त्या हंगामात टिकला नाही. सुरुवातीला मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक स्वतः खेळी सांगत होते. संघ सलग सहा सामने हरल्यावर विश्रांतीच्या आठवड्यात त्यांनी हे काम कोऑर्डिनेटर थॉमस ब्राउन यांच्याकडे सोपवले, तीन सामन्यांनंतर ते परत स्वतःकडे घेतले, आणि २७ नोव्हेंबर २०२३ रोजी १ विजय आणि १० पराभव अशा अवस्थेत त्यांनाच काढून टाकण्यात आले. क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक जॉश मॅकाउन हेही त्याच दिवशी गेले, आणि उरलेल्या सहा सामन्यांत खेळी पुन्हा ब्राउन यांच्याकडे आली. म्हणजे एका रूकीने (पहिल्याच हंगामातल्या खेळाडूने) एका हंगामात चार टप्प्यांत दोन आवाज ऐकले. पाय कधी रोवायचा आणि नजर आधी कुठे टाकायची, याची सवय रोजच्या घोटवून घेण्याने लागते. इथे तर घोटवून घेणाराच मधूनच उठून गेला. तरीही सगळे खापर मी प्रशिक्षकांवर फोडणार नाही. मोकळा रिसीव्हर समोर असताना चेंडू हातात राहिल्याच्या खेळी वहीत आहेत, आणि त्या यंगच्याच आहेत.

सॅकच्या वहीत न मावणाऱ्या दोन खेळींचा उल्लेख मात्र करायलाच हवा. ५ नोव्हेंबर २०२३ ला इंडियानापोलिस कोल्ट्सच्या केनी मूरने यंगचे दोन पास अडवून दोन्ही थेट टचडाउनपर्यंत नेले, एकदा ४९ यार्ड आणि एकदा ६६. सामना २७-१३ असा गेला. तिथे सॅक नव्हता, म्हणून माझ्या वहीत त्या दोन ओळी रिकाम्याच होत्या. चेंडू धरून ठेवणाऱ्याला सॅक मिळतो आणि चुकीच्या वेळी सोडणाऱ्याला इंटरसेप्शन. मी फक्त पहिलेच मोजत राहिलो, तर पुढच्या हंगामात सॅक कमी झाले म्हणून टाळ्या वाजवीन आणि खरा रोग मला दिसणारच नाही. तेव्हा यापुढे यंगचे त्या हंगामातले १० इंटरसेप्शनही याच पावलांच्या रकान्यांत बसवायचे आहेत.

मूळ बेत असा होता की २०२३ संपवून २०२४ मध्ये शिरायचे : नवे प्रशिक्षक डेव्ह कॅनालेस, गार्डच्या जागी रॉबर्ट हंट आणि डेमियन लुइस, न्यू ऑर्लीन्सविरुद्धचा ४७-१० आणि चार्जर्सविरुद्धचा २६-३ असे दोन दारुण पराभव, त्यानंतर दुसरा क्वार्टरबॅक अँडी डाल्टन याच्यामागे बाकावर बसलेला यंग, आणि २७ ऑक्टोबरला डेन्व्हरमध्ये परतलेला, हळूहळू वेगळाच दिसू लागलेला यंग. बाकावर बसण्याआधीची पावले आणि नंतरची पावले शेजारी ठेवून पाहायची उत्सुकता मला अजूनही आहे.

पण वर प्रशिक्षकांचा परिच्छेद लिहिताना थॉमस ब्राउन हे नाव दुसऱ्यांदा लिहिले आणि पेन्सिल थांबली. २०२४ मध्ये शिकागो बेअर्सने हंगामाच्या मध्यावर कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रन यांना काढले, तेव्हा रूकी केलेब विल्यम्ससाठी खेळी सांगायला कोण आले? हेच ब्राउन. विल्यम्सला त्या हंगामात ६८ सॅक बसले आणि त्याचे इंटरसेप्शन मात्र सहाच. शिवाय बेअर्सना विल्यम्स मिळाला तो मुळात पँथर्सच्याच निवडीवर, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू घेण्याच्या पाळीवर. यंगसाठी केलेल्या सौद्यात डी. जे. मूरसह ती निवड शिकागोला गेली होती, आणि पँथर्सच्या २-१५ या हंगामाने ती पहिल्या क्रमांकाची झाली. दोन रूकी, लागोपाठ दोन हंगाम, दोन्हीकडे अध्येमध्ये हाती सुकाणू आलेला एकच प्ले कॉलर. पावले तुलनेत ठेवण्यासाठी याहून जुळणारी जोडी मला तरी सुचत नाही.

ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक डेव्हिड कार याचे २००२ मधले ७६ सॅकही या वहीत घ्यावेत अशी सूचना मागे आली होती. ती मोहात पाडणारी आहे, पण ऑल-२२ चित्रण सर्वसामान्य प्रेक्षकांना मिळू लागले ते २०१२ पासून, आणि टीव्हीच्या चित्रणात पहिला रिसीव्हर मोकळा होता की नाही हे निम्म्या वेळा चौकटीबाहेरच असते. क्वार्टरबॅक जेरेड गॉफचे २०१६ मधले सात सामने मात्र मिळू शकतात. ती फाइल नाशिककरांनी मागून घेतली आहे आणि ते मला ती देतील असे दिसत नाही.

म्हणून क्रम बदलतो आहे. यंगचे २०२३ मधले ६२ सॅक पावलांच्या आणि खोलीच्या नव्या रकान्यांत पहिल्यापासून, ॲटलांटाविरुद्धच्या सलामीच्या सामन्यापासून. त्यासोबत विल्यम्सचे वॉल्ड्रन यांच्या हाताखालचे शेवटचे तीन सामने आणि ब्राउन यांच्या हाताखालचे पहिले तीन. डेन्व्हर त्यानंतर. नव्या तक्त्याच्या प्रती काल छापून आणल्या आहेत. विल्यम्ससाठी तिसरा माणूस हवा आहे. अट एवढीच की माझे रकाने न पाहता त्याने आधी आपले भरावेत, आणि पडद्यावर चेंडू दिसला तरी डोळे बुटांवरून हलवू नयेत.