ठाण्याच्या खाडीतला चिखल

ठाण्याच्या खाडीत जायचं तर आधी तिथी बघावी. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्याला भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आम्ही फाल्गुनातल्या एकादशीला गेलो, म्हणजे सव्वाआठ. आत ऐरोलीपर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो.

होडी निघाली तेव्हा तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, खांद्यापर्यंत बुडालेली होती. पाणी उतरू लागलं तसा मुळांशी चिखल दिसायला लागला आणि त्यातून वर आलेली हजारो श्वसनमुळं. या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून झाड मुळांनी वरून श्वास घेतं. पानावर बोट फिरवून चाटलं तर खारट लागतं. तिवर नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकते.

पुढे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले. माना खाली, चोची उलट्या, चिखलपाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळत चाललेले. त्यांचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. सगळे कॅमेरे तिकडे वळले. नावाडीकाका मात्र काठाकडे बोट दाखवून म्हणाले, "रोहित बगाला सगले येतान, आमच्या निवट्या कोनी बगत नाय."

मग मी निवट्याच बघत बसले. बोटभर मासा, डोळे डोक्याच्या माथ्यावर, परांवर रेटा देत चिखलातून चालणारा. अंग ओलं असेपर्यंत कातडीतून श्वास घेतो, म्हणून ओहोटीतही बाहेर राहतो. दोन नर पाठीचे पर उभारून एकमेकांवर धावून गेले, तेही एका बिळापायी! शेजारी एक खेकडा आपली एकच मोठी नांगी हलवत मादीला बोलावत होता. मला त्या रोहितांच्या थव्यापेक्षा हा काठ जास्त आवडला, अगदी मनापासून.

या खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं, २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता. साधारण १७ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य, दोन्ही बाजूंना महानगर. काकांच्या लहानपणी इथे कोळंबी, चिंबोरी, कालवं मुबलक मिळायची. आता जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येतं, असं ते सांगत होते. पक्ष्यांसाठी अभयारण्य झालं हे उत्तमच. पण खाडीत येणारं सांडपाणी आणि कचरा थांबला तरच कोळ्यांची मासळी परत येईल, आणि त्याची मागणी आपण शहरातल्या लोकांनीच लावून धरायला हवी.

जाणार असाल तर भरती ओसरतानाची फेरी मागा. पूर्ण भरतीत चिखल दिसत नाही, आणि पूर्ण ओहोटीत होडी चालत नाही.