हार्डवेअरच्या दुकानातलं ऑस्कर

पिट्सबर्गहून पूर्वेला तासा-दीड तासावर इंडियाना नावाचं गाव आहे. राज्य मात्र पेनसिल्व्हेनिया. आजूबाजूच्या टेकड्यांवर नाताळच्या झाडांची शेती. २० मे १९०८ ला हॉलिवूडचा नट जेम्स ऊर्फ जिमी स्टुअर्ट इथे जन्मला. कोर्टासमोर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे आणि वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर १९९५ पासून त्याचं संग्रहालय.

मला ओढ होती ती त्याच्या वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानाची. ते आता नाही, पण त्याची गोष्ट गावात शिल्लक आहे. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ या सिनेमासाठी जिमीला ऑस्कर मिळालं, तेव्हा वडिलांनी फोनवर सांगितलं, ते इकडे पाठव, दुकानात ठेवतो. पोराने मुकाट्याने पाठवलं. मग कित्येक वर्षं ती बाहुली दुकानाच्या काचेआड उभी होती. खिळे, बिजागऱ्या घ्यायला आलेली माणसं ती बघून जायची.

संग्रहालयात मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते युद्धाच्या विभागात. वजन कमी म्हणून सैन्याने त्याला आधी परत पाठवलं होतं. अंगावर वजन चढवून तो पुन्हा गेला आणि ऑस्कर मिळाल्यावर महिनाभरात, मार्च १९४१ मध्ये, साधा शिपाई म्हणून भरती झाला. पुढे बी-२४ बॉम्बर घेऊन वीस मोहिमांवर गेला आणि कर्नल होऊन परतला.

माझ्या मते खरा मोठा नट तिथून पुढचा. युद्धाआधीचा जिमी गोड आहे, आपलासा वाटतो. पण ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये (१९४६) बारमध्ये बसून देवाला हाक मारणारा माणूस वेगळाच आहे. डोळे भरलेले, ओठ थरथरतायत, मूठ तोंडाशी. त्या शॉटमध्ये आपल्याला खरंच रडू फुटलं, असं त्याने पुढे लिहून ठेवलंय. तेव्हा हा सिनेमा तिकीटबारीवर पडला, हे आज पटतही नाही. दिग्दर्शक हिचकॉकने ‘व्हर्टिगो’त (१९५८) त्याच्यातला झपाटलेपणा बाहेर काढला, त्याची बीजं मला या बारमध्येच दिसतात.

संग्रहालयात जुन्या धाटणीचं छोटं थिएटरही आहे. पिट्सबर्गला मुलांकडे येणाऱ्या आई-बाबांनी नायगारा जरूर बघावा, पण एक दिवस इंडियानासाठीही काढा. डिसेंबरात आलात तर उत्तमच, तेव्हा गाव सजलेलं असतं.