सीनिअर इयरच्या आधी: शिफारसपत्रं आणि कॉलेजचे अर्ज

आमची लेक न्यू जर्सीतल्या पब्लिक हायस्कूलमध्ये अकरावी संपवून आता बारावीत, म्हणजे सीनिअर इयरला जाईल. आमच्या मंडळातल्या बऱ्याच घरांत पुढच्या वर्षी हीच धावपळ असणार, म्हणून आमचं कसं जमत गेलं ते लिहिते. निबंध सुट्टीत लिहिता येतात. शिफारसपत्रांचं मात्र जूनमध्ये शाळा सुटायच्या आत विचारून ठेवावं लागतं.

पत्रं बहुतेक अकरावीच्याच शिक्षकांची लागतात आणि मुलांच्या आवडत्या शिक्षकांकडे रांग लागते. काही जण ठरावीक संख्येपलीकडे पत्रं घेतच नाहीत. आमच्याकडे मे महिन्यातच विषय निघाला, कुणाला विचारायचं? गणितात तिला ए होता, केमिस्ट्रीत बी प्लस. नवऱ्याचं म्हणणं, ए देणाऱ्या सरांनाच विचार. पण गणिताच्या तासाला ती मान खाली घालून गणितं सोडवायची, सरांशी फारसं बोलणं नाही. एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, केमिस्ट्रीच्या बाईंनी मात्र तिला जवळून पाहिलं होतं. टायट्रेशनच्या प्रयोगाचं रीडिंग जुळेना तेव्हा ती शाळा सुटल्यावर थांबली, ब्युरेट धुतलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. मार्क ट्रान्सक्रिप्टवर असतातच, पत्रात हे यायला हवं. मी शिकले तेव्हा कॉलेज सोडताना ऑफिसातून वर्तणुकीचा दाखला मिळायचा, त्यात सगळ्यांसाठी तेच वाक्य. इथलं पत्र अर्ज वाचणारे खरोखर वाचतात.

दुसरं पत्र इतिहासाच्या सरांचं ठरलं. एमआयटीसारखी कॉलेजं एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि एक भाषा किंवा समाजशास्त्रांच्या शिक्षकाचं पत्र मागतात, त्यामुळे ही जोडी सोयीची. तिने दोघांना प्रत्यक्ष भेटून विचारलं, ‘माझ्याबद्दल तुम्हाला मनापासून लिहिता येईल का?’ असं विचारलं की समोरच्याला नाही म्हणायलाही जागा राहते. दोघंही हो म्हणाले. मग ईमेलने एक पानभर माहिती पाठवली: त्यांच्या वर्गातले दोन-तीन प्रसंग, पुढे काय शिकायचंय, कॉलेजांची कच्ची यादी.

शाळेच्या काउन्सिलरचंही पत्र जातं. एकेका काउन्सिलरकडे शेकडो मुलं असतात, म्हणून शाळा मुलांकडून आणि पालकांकडून ‘ब्रॅग शीट’ भरून घेते. हा फॉर्म मला सगळ्यात जड गेला. आपल्या लेकराचं कौतुक आपण चारचौघांत करत नाही, दृष्ट लागेल म्हणतो. ‘मेहनती, हुशार, मनमिळाऊ’ लिहून मोकळं व्हावंसं वाटत होतं, पण त्यातून काउन्सिलरला काय कळणार? मग सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या तेव्हाचं लिहिलं. गोळ्यांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. लेकीने प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत मराठी चिठ्ठी चिकटवली, ‘सकाळी, जेवणानंतर’, आणि आजीकडून मोठ्याने वाचून घेतली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटतो आणि तो कागदावर लिहिल्याचं समाधान आहे.

कॉमन अ‍ॅपवर (एकच अर्ज बऱ्याच कॉलेजांना पाठवायची वेबसाइट) खातं आताच उघडलं तरी चालतं. १ ऑगस्टला नव्या वर्षाचा अर्ज सुरू होतो तेव्हा प्रोफाइल, ॲक्टिव्हिटीज वगैरे तसंच पुढे येतं. मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. ॲक्टिव्हिटीज दहापर्यंत, आणि प्रत्येकीच्या वर्णनाला फक्त १५० कॅरॅक्टर्स. रविवारच्या मराठी शाळेबद्दल तिने आधी लिहिलं होतं, ‘मुलांना मराठी शिकायला मदत केली’. आम्ही दोघी त्यावर बसलो. शेवटी ‘सहा-सात वर्षांच्या मुलांना बाराखडी शिकवते, खेळाची कार्डं स्वतः बनवली’ या अर्थाची इंग्रजी ओळ त्या चौकटीत बसली. वाचणाऱ्याला आता ती वर्गात उभी दिसते.

फर्पाचा प्रश्न प्रत्येक घरात येतो. १९७४च्या या कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःचं शैक्षणिक रेकॉर्ड बघायचा हक्क आहे. शिफारसपत्रांपुरता तो सोडायचा का, हे अर्जात एकदाच विचारतात आणि उत्तर सगळ्या कॉलेजांना लागू होतं. लेकीला आधी ते पटेना. पण विद्यार्थी वाचणार नाही हे माहीत असलं की शिक्षक मोकळेपणाने लिहितात आणि कॉलेजंही त्या पत्रावर विश्वास ठेवतात. तिने हक्क सोडायचं ठरवलं. माझ्या मते तेच योग्य.

यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॉलेजांचा अर्ज वेगळा. तिथे अर्जासोबत शिफारसपत्रं लागत नाहीत. आठपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरं द्यायची आणि एसएटी या परीक्षेचे मार्क प्रवेशासाठी बघतच नाहीत. यादी करतानाच हे बघून घ्या, म्हणजे सुट्टीतलं लिखाण नीट वाटून घेता येतं.

सप्टेंबरमध्ये शाळा उघडली की ती दोन्ही शिक्षकांना कॉमन अ‍ॅपमधून रीतसर रिक्वेस्ट पाठवेल, सोबत कॉलेजांची पक्की यादी आणि प्रत्येकाची शेवटची तारीख. अर्ली डिसिजनची, म्हणजे ‘प्रवेश मिळाला तर इथेच येईन’ असं कबूल करून लवकर करायच्या अर्जाची, शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते, म्हणून ती तारीख यादीत सगळ्यात वर ठेवली आहे.