ज्वारीच्या गावातले रेशन

आज सकाळी आत्याबरोबर मंगळवेढ्यातल्या रेशन दुकानात गेलो होतो. मालदांडी ज्वारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावातही, अंगठा लावून झाल्यावर तिच्या पिशवीत पडले ते गहू आणि तांदूळच. आत्याला मधुमेह आहे, डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला आहे आणि भाकरीची ज्वारी मात्र तिला पदरचे पैसे मोडून बाजारातून आणावी लागते.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ज्वारी-बाजरीसारखे भरड धान्य १ रुपया किलोने देण्याची तरतूद होती. जानेवारी २०२३ पासून हे रेशन मोफत झाले, आणि त्याने असंख्य घरांची चूल पेटती ठेवली आहे, हे मी मनापासून मानतो. परंतु हमीभाव वीसहून अधिक पिकांना जाहीर होत असला, तरी सरकारी खरेदीचा मोठा वाटा गहू आणि भाताचाच असल्यामुळे, गोदामात जे साठते तेच गरिबाच्या ताटात येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. नुसत्या पोटभर धान्याने तो कसा भरून निघणार?

परतताना आत्याने एवढेच विचारले, "आपल्या रानातली ज्वारी सरकार का घेत नाही रे?"