मे महिन्यातलं देवबाग आणि दशमीची भरती

एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मधे माडांची अरुंद पट्टी, असं हे देवबाग. मालवणहून तारकर्लीमार्गे येणारा रस्ता इथेच संपतो. पर्यटक संगमाकडे, बोटींकडे जातात. मी खाडीच्या अंगाला राहिलो, कारण मला गरवायचं होतं, म्हणजे गरी टाकून मासे धरायचे होते.

उन्हाळ्यात काठावरून मासा लागत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. मासा तिथेच असतो, फक्त त्याची वेळ बदलते.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांचं आयुष्य रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढण्यात गेलेलं. माझी गरी, तंगूस (गरीची नायलॉन दोरी), शिसं यातलं काही न बघता त्यांनी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहिली. "दशमी. बरा आसा," म्हणाले. तिथीची पाऊणपट केली की भरती साधारण किती वाजता पूर्ण होईल ते कळतं. दशमीला साडेसात, सकाळी आणि संध्याकाळीही. म्हणजे उजाडताना पाणी चढतंय आणि दिवस मावळतानाही चढतंय. उन्हाळ्यात याहून चांगला योग नाही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, पाणी मंद असतं, दशमी-एकादशीपासून त्याला पुन्हा जोर येऊ लागतो. चतुर्थीला मात्र भरती दुपारी तीनला भरते, तेव्हा ऊन डोक्यावर.

कारण सरळ आहे. पाणी जितकं तापतं तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. ओहोटीला उघडा पडलेला चिखल आणि गुडघाभर पाणी मेच्या उन्हात चांगलंच तापतं. मासा तिथून निघून खोल पात्रात, जेटीच्या सावलीत, तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या मुळांत जातो. भरतीबरोबर समुद्राचं ताजं पाणी आत येतं, त्याच्यासोबत बोय माशांची पिल्लं काठाला लागतात आणि त्यांच्या मागे तांबोशी हा तांबूस शिकारी मासा. काकांनी हेच एका वाक्यात सांगितलं, "पाण्याक वढ व्हयी. थांबलेल्या पाण्यात मासो तोंड उघडणा नाय."

पहाटे अंधारातच काठावर गेलो. जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत होता, खाडीवर सुरकुतीसुद्धा नव्हती. आमिष जिवंत कोळंबी, इथल्या भाषेत सुंगटं. उन्हाळ्यात खरी कसोटी ती जिवंत ठेवण्याची. बादलीतलं पाणी बघता बघता कोमट होतं आणि कोळंबी मरते. काकांनी बारीक विणीची टोपली खाडीतच बुडवून दोरीने खुंटीला बांधली. लागेल तशी एकेक काढायची, शेपटीकडून गरी ओवायची. मेलेली कोळंबी उन्हात लगेच वास मारते. तिला शिंगाळा मासा येतो, तांबोशी सहसा पाठ फिरवते.

गरी तिवरांच्या अगदी कडेला, पाणी मुळांत शिरत होतं तिथे सोडली. तांबोशी गरी गिळली की थेट मुळांकडे पळते, म्हणून पहिल्याच ओढीला तंगूस ताणून तिला बाहेर वळवावं लागतं. ढील दिली की मुळात अडकून तुटलंच. तो पहिला झटका, हाताला कापणारी ती दोरी आणि तांबूस खवल्यांवर पडलेलं पहिलं ऊन, यासाठी मी पुण्याहून पुन्हा पुन्हा येईन.

सूर्य माडांच्या वर आला, भरती भरली, पाणी थबकलं आणि सगळं थंडावलं. गाशा गुंडाळला. दुपारभर झोप, सोलकढी, सावली. संध्याकाळी त्याच जागी, यावेळी अंधार पडेपर्यंत. तांबोशी रात्रीही खाते, त्यामुळे दिवेलागणीनंतर घाईने उठू नये.

वीतभर तांबोश्या मी सोडून दिल्या. त्यांचं बालपण खाडीत जातं, मोठ्या झाल्या की त्या समुद्रातल्या खडकांकडे जातात. कोमट पाण्यात मासा लवकर दमतो, म्हणून सोडायचा तर ओल्या हाताने, पाण्यातच गरी काढून. ठेवायचा तर लगेच बर्फात. मालवणहून येतानाच बर्फ घ्या.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या त्याच्या गाभा क्षेत्रात गरी टाकू नका. संगमाच्या टोकाला ओहोटीची ओढ फार आहे, तिथे पाण्यात उतरू नका. आणि जायचं तर जूनच्या आत. पहिला मोठा पाऊस पडला की कर्ली गढूळ होते आणि हे सगळं गणित बदलतं.